जनीच्या नवऱ्याच्या हयातीचा दाखला

दिवा सोडून डोंबिवलीकडे निघालं की डाव्या हाताला खाडी राहते. त्या बाजूला नवखार नावाचं एक गाव होतं. आता तिथं माणसांपेक्षा जिने जास्त झालेत, पण ऐंशी-नव्वदच्या काळात तिथं मिठागरं होती, भाताची खाचरं होती, ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची पट्टी होती आणि जनी धवलारीण होती. मिठागरांचा मालक कोण हे गावाबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. जनीचं नाव मात्र ठाण्यापासून कल्याणपलीकडच्या मोहन्यापर्यंत प्रत्येक आगऱ्या-कोळ्याच्या घरात ठाऊक होतं.

आगरी-कोळ्यांच्या लग्नात भटजी नंतर येतो, आधी धवलारीण येते. मांडव घालणं, हळद, देवांना बोलावणं, सगळ्याला तिचे धवले लागतात. धवले म्हणजे लग्नाची गाणी, आणि ती झाल्याशिवाय लग्नघरात पान हलत नाही. बाकीच्या धवलारणी आईकडून, आत्याकडून आलेलं गात. जनी गाणं जागेवर जोडायची. घरात शिरली की पहिला अर्धा तास ती भलत्याच चौकश्या करी. म्हातारा कशानं गेला? विहिरीला पाणी कुठवर पुरतं? नवरी लहानपणी कुणाच्या मांडीवर झोपायची? लोकांना वाटे, बाई फार भोचक आहे. मग मांडवात गाणं सुरू झालं की नवरीचा मेलेला आजोबा तंबाखूची चंची घेऊन गाण्यातून आत येई, नातीला शोधी, चुना मागे, आणि अख्खं घर रडता रडता हसे.

दुसरी गोष्ट चौकाची. लग्नघराची एक भिंत शेणामातीनं सारवायची आणि तिच्यावर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेघांनी चौक लिहायचा. चौक काढला असं कुणी म्हणत नाही, लिहिला म्हणतात. मधे देव, भोवती बाशिंगं, मोर, माड, सूर्य-चंद्र. जनीच्या चौकात होडी असायची, मिठाचे ढीग असायचे, कधी कडेला रेल्वेचा सिग्नलसुद्धा असायचा. आणि तिची खोड अशी, की तिचा हात आणि तिची जीभ एकाच जुवाला जुंपलेली. हात भिंतीवर चालू लागला की शब्द सुचायचे, हात थांबला की शब्द थांबायचे. एकदा खारीगावात तिच्या बोटाला सुरी लागली म्हणून यजमानीण म्हणाली, आज चौक दुसरी लिहील, तू नुसती गा. जनी उभी राहिली, तोंड उघडलं, आणि तोंडातून आवाजाखेरीज काही येईना. शेवटी बोटाला चिंधी बांधून तिनंच चौक लिहिला, तेव्हा गाणं आलं.

मार्गशीर्ष लागला की ती घराला कडी घाली, ती वैशाखात काढी. पत्र्याच्या पेटीत दोन लुगडी, खजुरीच्या काड्यांची टोकं ठेचून केलेले कुंचले आणि दातवणाची मिश्री. बरोबर आवडाबाई. जनीनं एक ओळ टाकली की आवडाबाई ती मागून झेलायची. आवडाबाईचा गळा जाडा होता आणि चित्रकला त्याहून जाडी. तिनं मोर काढला तर लोक विचारत, ही म्हैस का बसली आहे?

चौऱ्याऐंशी साली डोंबिवलीच्या शुभदाताई नावाच्या ड्रॉइंगच्या बाई एका विद्यार्थिनीच्या घरी लग्नाला गेल्या आणि जनीचा चौक बघून जेवायच्या विसरल्या. त्यांनी जनीला जाड कापड आणून दिलं, गेरू दिला, आणि कापडावर चौक लिहून घेतले. ठाण्याला एका सभागृहात ते टांगले गेले. फोटो निघाले, कौतुक झालं. पण शुभदाताईंच्या बैठकीच्या खोलीत बसून लिहिताना जनीला फार जड गेलं. गाणं कुणाचं म्हणायचं? शेवटी तिनं शुभदाताईंच्याच घरच्या चौकश्या केल्या, त्यांच्या सासूबाई धवल्यात आणल्या, आणि मग हात मोकळा झाला. कापडावर लिहायचं असलं तरी तिला एक घर लागायचं.

आता नियम. चौकाच्या पिठात हात घालायचा तो सवाष्णीनं. विधवा गाऊ शकते, मागं बसून; भिंतीला तिचा हात लागता कामा नये. हा नियम कुणी केला ते विचारू नका. करणारा पुरुष असणार आणि तो राबवायला त्यानं बायका नेमल्या असणार, जगात असेच नियम टिकतात. नवखारात तो दगडाबाईंनी राबवला. पंच्याहत्तरी गाठलेली ही म्हातारी स्वतः तीस वर्षं पांढऱ्या कपाळानं वावरली होती आणि नियमाच्या बाबतीत तिनं स्वतःलाही कधी सवलत दिली नव्हती.

जनी सवाष्ण होती. रुपयाएवढं कुंकू लावायची. फक्त नवरा घरात नव्हता. दामाजी सत्त्याहत्तर सालच्या आषाढात कामधंदा बघून येतो म्हणून निघाला तो निघालाच. मूलबाळ नव्हतं, घरात बोलण्यासारखं फारसं उरलं नव्हतं, आणि दामाजी भांडण करण्यापेक्षा निघून जाणारा माणूस. वर्ष उलटल्यावर लोक विचारू लागले, तेव्हा जनीनं सांगून टाकलं, जहाजावर लागलाय. कुठल्या? मोठ्या. मग दर होळीला आणि गौरीला ती सांगायची, पत्र आलं, बरा आहे. जनीला लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी पत्र कोण वाचून दाखवतं असं कुणी विचारलं नाही. अकरा वर्षं ते जहाज बंदराला लागलं नाही आणि बुडालंही नाही.

एकोणनव्वद सालच्या फाल्गुनात ते बुडालं.

दगडाबाईंच्या नातीचं, शकूचं लग्न होतं. शकूला बाप नव्हता, सगळं म्हातारीच्याच अंगावर. सोमवारी सकाळी मांडवात बायका तांदूळ निवडत बसल्या होत्या. बुधवारी चौक, गुरुवारी लग्न. तेवढ्यात महिपत आला. महिपत सुकी मासळी घेऊन कसाऱ्याच्या बाजूचे आठवडी बाजार करायचा आणि मासळीपेक्षा बातम्या जास्त खपवायचा. आज मात्र तो खाली बघत उभा राहिला.

"जनीबाय, सांगू क नको आसं झालंय," तो म्हणाला. "श्रावनान भातसेला पूर आयलता. खडवलीच्या घाटावरचा होडीवाला व्हावत गेला. खाडीकरचा होता सांगतात. आगरी. दामाजी नाव."

सुपं थांबली. जनीच्या हातातला तांदूळ तसाच हातात राहिला. सगळ्या बायका तिच्या कपाळाकडे बघत होत्या, तोंडाकडे कुणी बघत नव्हतं.

"त्ये जहाजावर हायत," जनी म्हणाली. पण आवाज तिचा तिलाच पटला नाही.

दगडाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "जने, मी तुना वंगाल बोलत नाय. पन पोरीला बापुस नाय, उद्या काय झाला त लोकं मना इचारतील. बुधवारी सकालपावत मना कललं पायजे. नायतर चौक आवडी लिवल."

"मी?" आवडाबाई घाबरून म्हणाली. "आये, त्या पोरीचा संसार करायचा हाय ना?"

एरवी सगळ्या हसल्या असत्या.

जनी घरी आली आणि दार लावून बसली. रडायला हवं हे तिला कळत होतं. तिनं प्रयत्नही केला. दामाजीचा चेहरा आठवून बघितला, तर चेहऱ्याऐवजी त्याची पाठ आठवली, कारण शेवटची ती पाठच बघितली होती. रडू आलं नाही. आली ती भीती, आणि ती नवऱ्याची नव्हती, चौकाची होती. श्रावणात तो गेला असेल तर त्यानंतर आपण किती घरी चौक लिहिले? ती बोटांवर मोजू लागली. मोहन्याचं नीलाचं घर. ठाण्याचं कोळीवाड्यातलं. दिव्याची दोन. अकरा. अकरा घरांच्या भिंतींना रांडमुंड हात लागला. मोहन्याची नीला तर संक्रांतीलाच सासरी भांडून माहेरी आली होती. आजवर सगळे म्हणत होते सासू खाष्ट आहे. आता म्हणणार, चौक बाधला. कुणाची म्हैस आटली तरी जनीवर येणार.

आणि ह्या सगळ्याच्या खाली एक गोष्ट होती, ती तिला उघड म्हणायची लाज वाटत होती. पिठातला हात गेला की गाणं जाणार. मागं बसून गायला कुणाची ना नव्हती, पण मागं बसून तिला एक शब्द सुचला नसता. शुभदाताई म्हणाल्या असत्या, कापडावर लिहा, तिथं तुम्हाला कोण विचारतं? खरंच कुणी विचारलं नसतं. पण ज्या घराच्या भिंतीला हात लावता येत नाही त्या घराचं गाणं कापडावर कसं उतरणार?

संध्याकाळी आवडाबाई भाकरी घेऊन आली. जनी म्हणाली, "आवडे, नवरा मेल्याचा सांगला, आनि मना पयला चौक आठवला. कशी गो मी बाई?"

"तो गेला तवा त्याला काय आठवला व्हता?" आवडाबाई म्हणाली. "खा. आनि सकाली खडवलीला जा. आयकून रडशील त्यापेक्षा बगून रड."

मंगळवारी जनी खडवलीला उतरली. उतरली आणि फलाटावरच अडली. विचारायचं कसं? नवऱ्याचं नाव लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच. त्यानंतर अठ्ठावीस वर्षांत ते जिभेवर आलं नव्हतं. आता परक्या गावात उभं राहून, दामाजी मेला का हो, असं विचारायचं? तिनं टपरीवाल्याला विचारलं, "नदीवर होडीवाला हाय क?"

"हाय की. जा सरळ."

ह्या उत्तरानं काहीच कळलं नाही. एक होडीवाला वाहून गेला तर गाव दुसरा नेमणारच, माणसं पलीकडे जायची थांबतात थोडीच. जनी चालत राहिली. वाटेत दोनदा थांबून तिनं पदरानं तोंड पुसलं. कुंकवाला धक्का लागणार नाही असं जपून पुसलं, आणि हे आपण जपतो आहोत हे लक्षात येऊन तिला स्वतःचाच राग आला.

घाटाच्या वळणावर झाडी होती. नदी दिसेना, पण आवाज ऐकू आला. कुणीतरी होडीत दोन शेळ्या घालू बघत होतं आणि होडीवाला त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. शेळीच्या आईपासून सुरुवात करून तो मालकाच्या आजापर्यंत पोचला होता. शिव्या खास खाडीकाठच्या होत्या, आणि त्यातली एक तर जनीच्या सासऱ्यानं स्वतः तयार केलेली होती, ती त्या घराबाहेर कुणाला येत नव्हती.

जनी घाटाच्या पायरीवर मटकन बसली. जन्मात कुठला धवला ऐकून तिला इतका आनंद झाला नव्हता. शिव्या चालू होत्या आणि ती पदर तोंडात धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि कुंकवाचं काय होतंय ते तिनं बघितलं नाही. कालपासून छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून नदीत टाकला होता. अकराच्या अकरा भिंती धुऊन स्वच्छ झाल्या.

दामाजी होडी बांधून वर आला. पाठीतून वाकला होता, केस पिकले होते. तिला बघून तो तीन पायऱ्या खालीच थांबला.

"जनी?" तो म्हणाला. मग घाबरून, "कोन गेला?"

"तू गेला," जनी म्हणाली. "सात महिनं झालं. कलवायचीसुदा लाज वाटली तुना?"

पुराची गोष्ट खरी होती. श्रावणात होडी उलटली, दामाजी वाहत गेला, दोन कोस खाली एका उंबराच्या फांदीला लागला आणि तिथं एक रात्र नि अर्धा दिवस लोंबकळत राहिला. पाणी उतरल्यावर चालत घरी आला. पण मेल्याची बातमी तोवर बाजारात पोचली होती, आणि जिवंत असल्याची बातमी कोण कशाला विकत घेतो?

घरी आला म्हणजे कुणाच्या घरी, हे घाटावरच्या चहाच्या टपरीत कळलं. तिथं गंगुबाई होती. चाळिशीची, काळीसावळी, हाताला चटके बसलेले. पहिला नवरा वारलेला, दोन मुलं, ती दामाजीला बाबा म्हणत. जनीला बघताच तिनं ओळखलं. चहा कपाबाहेर बशीत गेला तरी ती ओतत राहिली, शेवटी जनीनंच कपबशी हातातून घेतली.

"न्यायला आलाव?" गंगुबाईनं विचारलं.

जनीचं लक्ष तिच्या कपाळाकडे गेलं. कपाळ कोरं होतं. दहा वर्षं त्याची भाकरी थापणारी, पुरात त्याच्यासाठी नदीकाठी रात्रभर उभी राहणारी ही बाई, आणि हिच्या कपाळाला काही नाही. आणि आपण, त्याची पाठ तेवढी बघितलेली, रुपयाएवढं कुंकू मिरवत आहोत. जनीला मनापासून ओशाळल्यासारखं झालं.

"कपाल का आसा?"

"तुमी हाव ना," गंगुबाई म्हणाली. "तुमचा असता मी कसा लावू? गावानं बोलावं मंग."

"लाव गो," जनी म्हणाली. "एकच जिता हाय, पन दोघींना पुरल." मग ती खुर्चीवरून पुढं सरकली. "मी न्यायला नाय आयली. मना तो नको. मना तो जिता पायजे. कुठं बी र्‍हाऊ दे, पन जिता. आनि एक दिवस उसना दे. उद्या सकाली नेतंय, उद्या दिवस बुरायच्या आत धाडतंय."

चौकाची सगळी कथा ऐकल्यावर गंगुबाई चुलीतली लाकडं मागं-पुढं सरकवू लागली. उसना दिलेला तवा परत येत नाही हा तिचा अनुभव होता, आणि हा तर नवरा. दामाजी खांबाला टेकून दोघींकडे आळीपाळीनं बघत होता, त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"जा," शेवटी गंगुबाई त्याला म्हणाली. "तोंड दाखवून ये. धुवट सदरा घाल. तिची इज्जत नको जायला."

हे शेवटचं वाक्य जनीला लागलं. इज्जत तर जाणारच होती. तोंड दाखवायचं म्हणजे जहाज बुडवायचं. नवरा जिवंत आहे हे सिद्ध करायला नवऱ्यानं सोडलं आहे हे आधी सांगावं लागणार होतं. अकरा वर्षं जे झाकलं ते भर मांडवात उघडं करायचं. ती रात्र जनी गंगुबाईच्या मुलांशेजारी झोपली, आणि आश्चर्य म्हणजे गाढ झोपली.

बुधवारी सकाळी नवखारच्या वाटेवर जनी पुढं आणि दामाजी मागं दहा पावलांवर, असे दोघे चालत आले. पोरांनी आधीच ओरडून गाव गोळा केलं होतं. मांडवात भिंत सारवून तयार होती, पिठाचं भांडं ठेवलेलं होतं, आणि त्याच्याजवळ आवडाबाई फासावर जायच्या तोंडानं बसली होती.

दगडाबाई काठी टेकत आल्या. दामाजीभोवती एक फेरी मारली. डोळे अधू झाले होते, म्हणून त्यांनी त्याच्या दंडाला चिमटा काढला. तो ओरडला.

"जिता हाय," दगडाबाईंनी जाहीर केलं. मग त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन विचारलं, "जहाज कुठं बांदलंस र?"

मांडवात हशा पिकला. दामाजी जमिनीत शिरायला जागा शोधू लागला. जनीला हसण्यात सामील होऊन वेळ मारून नेता आली असती. तिच्या मनात आलंही तसं. पण सारवलेली भिंत समोर होती, आणि खोटं बोलून पिठात हात घालायचा तिला धीर होईना.

"जहाज नवता, आये," ती म्हणाली. हशा थांबला. "कदीच नवता. पत्र बी नवता. ह्यो मना टाकून गेला. खडवलीला होडी चालवतो, तिकरं त्याची बाईल हाय, पोरं हायत. ती चांगली हाय, माज्यापेक्षा चांगली हाय. ह्यो माजा नाय. पन जिता हाय, तो तुमी बगला. आता चौक लिवू क नको, त्ये सांगा."

शकू नवरी, हळदीच्या अंगानं दारात उभी होती, तिचे डोळे भरले. आवडाबाई तर पिठाच्या भांड्याला धरूनच रडू लागली. सगळ्यांची तोंडं दगडाबाईंकडे होती.

दगडाबाई खाली बसल्या. बसायला त्यांना वेळ लागला.

"आमच्या सासूनं मना सांगलं, नवरा जिता पायजे," त्या म्हणाल्या. "घरान पायजे आसा नाय सांगलं. घरान पायजे आसता, तर ह्या गावान चौक लिवाला कोन गावली आसती? निम्म्यांचे गुत्त्यावर, निम्म्यांचे मुंबईला." त्यांनी काठीनं भांड्याकडे दाखवलं. "आवडे, उठ तितून, पिठान पानी पारू नको. जने, बस. उशीर झालाय."

जनी बसली. पिठात बोटं घातली. गार, मऊ, ओळखीचं पीठ. तिनं पहिली रेघ ओढली आणि छातीतून एक सुस्कारा असा निघाला की मागं बसलेल्या बायकांनाही तो ऐकू गेला. आता झाकायला काही नव्हतं. होळीला पत्राचा मजकूर जुळवायचा नव्हता. कुणी जहाजाचं नाव विचारलं तर काय, हे झोपताना घोकायचं नव्हतं. हात चालू लागला आणि शब्द आले.

"पयला बोलवा गो, धरतरी मायेला,
दुसरा बोलवा गो, खारीच्या वाऱ्याला,
गेल्याला वाट द्या गो, रायल्याला भात द्या,
जित्याला जिता म्हना, घरान येऊ द्या."

आवडाबाईनं नाक पुसून ओळ झेलली. शकूचा मेलेला बाप गाण्यातून मांडवात आला, पोरीला शोधू लागला, दारात थांबला. दगडाबाईंच्या मुलाची गोष्ट ती. म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला आणि बराच वेळ काढला नाही. दुपारपर्यंत भिंत भरली. देव झाले, मोर झाले, मिठाचे ढीग झाले. कोपऱ्यात एक उंबराचं झाड आलं आणि फांदीला एक माणूस लोंबकळत होता. लोकांनी विचारलं हा कोण. जनी म्हणाली, पाहुणा.

त्या पाहुण्याला गावानं जेवू घातलं. आधी कुणी त्याच्या शेजारी बसेना, मग महिपत बसला, कारण मेलेला माणूस जेवताना बघायची संधी सोडणं त्याच्या धंद्यात बसत नव्हतं. दामाजी खाली मान घालून जेवला. उन्हं कलल्यावर तो मांडवाच्या कडेला येऊन उभा राहिला. जनी हात धूत होती. वाळलेलं पीठ नखांतून निघत नव्हतं.

"जने," तो म्हणाला, "तू बोलशील त रायतंव."

जनीनं त्याच्याकडे बघितलं. अकरा वर्षांपूर्वी हे वाक्य ऐकायला तिनं काय दिलं नसतं! आता ते ऐकून तिला नुसतं हलकं वाटलं.

"गंगुबाईला मी आजचा बोललंय," ती म्हणाली. "जा तू. दोन दिस तू मेला आसं समजलं, माजा जीव नवता थाऱ्यावर. आता दर होलीला कलवत जा, कोनाकरनं बी."

"बरा."

तो चार पावलं गेला असेल. जनीनं ओल्या हातांनीच त्याला हाक मारली, आणि आयुष्यात पहिल्यांदा, सगळ्या मांडवादेखत, नावानं मारली.

"दामाजी! टेसनात पुलावरशी जा. गाडीचं रूल वलांडू नको."